लाल ड्रॅगन फ्रूटची फुलं दरवर्षी पाचव्या दिवशी गळतात: आमच्या आगरात सापडलेलं कारण आणि उपाय

रात्री फूल उमललं की सकाळी अख्खं घर खूश, आणि पाचव्या दिवशी तेच फूल बुडापासून पिवळं पडून मातीत. आमच्याकडे हे सलग दोन पावसाळे झालं. आम्ही गुहागर तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर, नारळ-पोफळीचं छोटं आगर आहे. विहिरीच्या बाजूला उन्हाची जागा मोकळी होती तिथे चार वर्षांपूर्वी लाल गराच्या ड्रॅगन फ्रूटची दोन रोपं सिमेंटच्या खांबाला लावली. रोपं जोरात वाढली, दुसऱ्या पावसाळ्यात ११ फुलं आली, ११ पण गळली. तिसऱ्या पावसाळ्यात १७ आली, त्यातलं फक्त एक फळ धरलं. आणि घरामागे वन्संनी चिपळूणहून आणून दिलेली पांढऱ्या गराची फांदी साध्या पेरूच्या खोडाला टेकवून लावलेली, तिच्याकडे कोणी बघत पण नव्हतं, ती मात्र ४-५ फळं आपली आपण देऊन मोकळी.

पहिल्या वर्षी मी हे खताचं दुखणं समजून बसले. शेणखत वाढवलं, चुलीची राख टाकली, कोणी बोरॉन सांगितलं ते फवारलं, कोणी म्हणालं पाणी कमी पडतंय म्हणून जून उजाडेपर्यंत रोज शिंपलं. फरक शून्य, उलट नवीन कोंब इतके फुटले की खांबावर जंगल झालं. नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणाला "ताई, झाड लहान आहे, पुढच्या वर्षी धरेल." व्हिडिओ बघावेत तर ते बहुतेक सगळे घाटावरचे, सांगली सोलापूरकडच्या कोरड्या रानातले, त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरच आहे पण त्यांच्याकडे फुलाच्या रात्री आभाळ कोरडं असतं. आपल्याकडे ह्या झाडाचा फुलायचा मोसम म्हणजे जून ते ऑक्टोबर, आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर जो पाऊस पडतो तो जवळजवळ सगळा ह्याच महिन्यांत. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

उत्तर सापडलं ते त्या एका फळामुळे. १७ पैकी हेच का धरलं म्हणून मी मोबाईलमधले फोटो काढून बसले, कारण मुलाला पाठवायला प्रत्येक बहराचे फोटो काढलेले होते. तर ते फूल उमललं त्याच रात्री घरामागच्या पांढऱ्याची पण दोन फुलं उमलली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. बाकी कुठल्याच रात्री दोन्ही एकदम फुलली नव्हती. सातेरीच्या माश्या सकाळी सहा-साडेसहाला ह्या फुलावरून त्या फुलावर गेल्या असणार, दुसरं काही कारण नाही. म्हणजे लालला पांढऱ्याचा पराग मिळाला तेव्हाच फळ धरलं.

आता तुमच्याकडे पण गळ होत असेल तर लगेच परागाच्या मागे लागू नका, आधी नक्की काय गळतंय ते बघा, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांना आपण "फूल गळतं" असंच म्हणतो.

एक म्हणजे कळी गळणं. बोराएवढी, नाहीतर अंगठ्याएवढी कळी उमलायच्या आधीच पिवळी होते. हे बऱ्याचदा वळिवाच्या सरीनंतर एकाच फांदीवर सात-आठ कळ्या आल्या की होतं, झाड स्वतःच ओझं कमी करतं, काळजी नको. मीच आता एका फांदीवर एक-दोन ठेवून बाकीच्या खुडते. पण सगळ्याच फांद्यांवरच्या कळ्या गेल्या तर मुळाशी बघा, पाणी तुंबलेलं असतं. दुसरं म्हणजे उमललेलं फूल चार ते सहा दिवसांनी बुडासकट पिवळं होऊन पडणं, हीच आमची तक्रार, आणि ही परागाची आहे. तिसरं म्हणजे फूल कुजून काळं होतं पण मागचं बूड, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो गोळा, हिरवागारच राहतो. हे बघून घाबरायचं नाही, फळ धरलेलं आहे, फक्त पावसात तो कुजका लगदा फळाच्या तोंडाशी राहिला तर सड आत जाते. म्हणून मी उमलल्यापासून साधारण सहाव्या-सातव्या दिवशी वाळलेलं फूल हलक्या हाताने ओढून काढते. सहज सुटलं तरच काढायचं, जोर लावायचा नाही.

हे फूल समजून घेतलं की अर्धं काम होतं. आपण घरोघरी कुंडीत ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ना, रात्री उमलणारं पांढरं, ते आणि ड्रॅगन फ्रूट दोन्ही निवडुंगाच्याच कुळातले आणि दोघांचं मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. दोघांची तऱ्हा तीच, एक रात्र फुलणार आणि सकाळी मान टाकणार. ड्रॅगन फ्रूटचं फूल संध्याकाळी सातनंतर उघडायला लागतं, रात्री पूर्ण उघडतं, एक फुटाच्या आसपास लांब, आणि वास इतका गोड की पडवीत बसून कळतं. त्यांच्या मुळच्या देशात रात्री पतंग आणि वटवाघळं पराग नेतात. आपल्याकडे मुख्य भरवसा सकाळच्या माश्यांवर, आणि पाऊस असला की माशी पोळ्यातून बाहेर पडत नाही.

फुलाच्या आत बघा, शेकडो पिवळे केसर असतात त्यांच्यावर पराग, आणि मधोमध एक जाड दांडा ज्याच्या टोकाला चांदणीसारखी बोटं पसरलेली, पराग तिथे पडला तर फळ. हा दांडा केसरांच्या बराच पुढे आलेला असतो, म्हणून स्वतःचा पराग आपोआप तिथे पोचणं पण अवघडच. पांढऱ्या गराच्या बहुतेक जातींना स्वतःचाच पराग चालतो, वाऱ्याने हलून, माशीने, कसाही लागला तरी भागतं. लाल गराच्या बऱ्याच जातींना मात्र स्वतःचा पराग चालतच नाही. पराग पडतो पण फूल तो स्वीकारत नाही, बीच धरत नाही, आणि बी नाही तर फळ नाही.

इथे एक गैरसमज आमच्या गावात फार आहे, तुमच्याकडेही असेल. शेजारचे अण्णा म्हणाले "अगो, तुझं झाड नर असेल, रातांब्यासारखं, तोडून टाक." रातांब्यात आणि जायफळात नर झाड वेगळं असतं हे आपण पिढ्यान् पिढ्या बघतोय म्हणून तसं वाटतं, पण ड्रॅगन फ्रूटच्या प्रत्येक फुलात दोन्ही असतं. नर-मादी प्रकार नाही. त्याला दुसऱ्या जातीचा पराग पाहिजे एवढंच. म्हणून कृपा करून झाड तोडू नका.

आणि दुसरी चूक मीच केलेली. लाल दोन आहेत म्हणजे एकमेकांना पुरतील असं वाटलं होतं. पण दोन्ही एकाच आईझाडाच्या फांद्या, आणि फांदीपासून केलेली रोपं म्हणजे हापूसच्या एकाच झाडाच्या डोळ्यांवर बांधलेल्या कलमांसारखी, पन्नास लावली तरी मुळात ते एकच झाड. एका नर्सरीतून एकाच दिवशी आणलेली वीस लाल रोपं पण एकमेकांच्या कामाची नसू शकतात. वेगळी जात पाहिजे, आणि त्याच सुमारास फुलणारी पाहिजे.

तुमची जात कुठल्या गटातली ते घरीच तपासता येतं आणि नर्सरीच्या चिठ्ठीपेक्षा मी ह्यावर जास्त भरवसा ठेवते, कारण चिठ्ठीवर नुसतं "जम्बो रेड" लिहिलेलं असतं आणि आत काहीही निघतं. एका बहरात निदान चार फुलं एकाच रात्री उमलणार असतील तेव्हा करा. दोन फुलांना त्यांचाच पराग लावा, दोन फुलांना पांढऱ्याचा लावा, चौघांनाही लगेच कापडी पिशवी घालून तोंड सैल बांधा म्हणजे माशी घोटाळा करणार नाही, देठाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवा. आठव्या दिवशी बघा. स्वतःच्या परागाची दोन्ही पिवळी आणि पांढऱ्याच्या परागाची दोन्ही हिरवी म्हटलं की निकाल लागला. आमच्याकडे अगदी असंच झालं. चारही गळली तर मात्र पराग ओला होता किंवा झाडाचीच तब्येत बिघडलेली आहे असं समजा.

आता प्रत्यक्ष काम. संध्याकाळी कळी फुगून टोक सैल झालं की समजायचं आज रात्री उमलणार. पांढऱ्याच्या फुलाचा पराग मी साडेसात-आठला घेते, खाली स्टीलची वाटी धरून केसरांवरून बोटाने हलकं टिचकलं की पिवळी पूड पडते, एका फुलात चमचाभर तरी निघते. पाऊस येणार असं आभाळ दिसत असेल तर सहा वाजताच, कळी पूर्ण उघडायच्या आधी, एका बाजूने पाकळ्या दूर करून पराग काढून घ्यायचा, कारण तो उमलायच्या थोडा आधीच सुटा झालेला असतो. मग आठ ते दहाच्या मध्ये लालच्या चांदणीला मऊ ब्रशने लावायचा, मुलाचा जुना रंगकामाचा ब्रश मी त्यासाठीच ठेवलाय. हात आखडू नका, चांदणीची सगळी बोटं पिवळी दिसली पाहिजेत. जितका पराग जास्त तितक्या बिया जास्त आणि जितक्या बिया जास्त तितकं फळ मोठं. घाईत एका बाजूला पुसून आले होते ते फळ धरलं खरं पण लिंबापेक्षा थोडंसंच मोठं झालं. रात्री राहून गेलं तर सकाळी फूल मिटायच्या आत करा, ढगाळ असेल तर आठ-नऊपर्यंत वेळ मिळतो.

बरेच जण विचारतात, पांढऱ्याचा पराग लालला लावला तर फळ आतून पांढरं किंवा गुलाबी होईल का. नाही होत. गर आईचा, त्यामुळे लालच राहतो, फरक पडतो तो फक्त बियांमध्ये, त्या पेरल्या तर मिश्र रोपं येतील. उलट लालचा पराग मी पांढऱ्याला पण लावते, तिकडची फळं पहिल्यापेक्षा भरलेली यायला लागली.

एवढं समजल्यावर सगळं सुटलं असं वाटलं आणि जुलैच्या पहिल्याच बहरात सहा फुलांना नीट पराग लावून सहाही गळली! त्या रात्री नऊनंतर जो पाऊस सुरू झाला तो पहाटेपर्यंत. पराग भिजला की फुटतो, गोळा होतो, चांदणीवरून धुऊन जातो. म्हणजे कोकणात नुसतं हाताने पराग लावून भागत नाही, फुलाला त्या एका रात्रीपुरतं इरलं लागतं. शेतात लावणीला बायका इरलं घ्यायच्या ना, पाठीवर उतरतं, पुढून उघडं, अगदी तोच आकार डोळ्यासमोर ठेवून ह्यांनी पाच लिटरचे तेलाचे प्लास्टिकचे कॅन उभे अर्धे कापले आणि तारेने खांबावरच्या रिंगला अडकवले, फुलाच्या डोक्यावर उतरते. खालून आणि समोरून उघडं राहिलं पाहिजे, कोंदलं की आत घाम धरतो आणि फूल कुजतं. पिशवी घट्ट गुंडाळायचा प्रयोग मी करून बघितला, दोन फुलं बुरशीने गेली. फुलं जास्त असतील तर मोडकी छत्री खांबाला बांधा, चालते. हे कव्हर संध्याकाळी पाच वाजताच लावायचं, फूल उघडल्यावर लावायला गेलं तर चांदणी मोडते. दुसऱ्या दिवशी दुपारी काढून टाकायचं. त्यानंतर गेल्या पावसाळ्यात कव्हर घातलेल्या १४ फुलांपैकी ११ धरली आणि उघड्यावर राहिलेल्या पाचपैकी एक, आणि ती एक पण कोरड्या रात्रीची.

दुसरी अडचण अशी की पांढरं आणि लाल एकाच रात्री फुलतीलच असं नाही. फुलं लाटेने येतात, एक बहर गेला की पुढचा दोन-तीन आठवड्यांनी, आणि दोघांच्या लाटा मागेपुढे होतात. त्याला उपाय म्हणजे पराग साठवणं, आणि हे वाटतं तेवढं अवघड नाही. काढलेला पराग कागदावर पसरून पंख्याखाली तास-दोन तास वाळवायचा, केसराचे तुकडे वेचून टाकायचे, मग कागदाच्या पुडीत घालून ती पुडी घट्ट झाकणाच्या डबीत, सोबत औषधांच्या बाटलीत येतात त्या सिलिकाच्या पुड्या. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगला राहतो, फ्रीजरमध्ये नीट वाळवून ठेवला तर महिनोन् महिने. एकच काळजी, फ्रीजरमधून काढलेली डबी लगेच उघडायची नाही, अर्धा तास बाहेर बंदच ठेवायची, नाहीतर आपल्या दमट हवेत आतल्या परागावर पाणी धरतं आणि सगळी मेहनत गेली.

आता जातींबद्दल माझं मत, घरच्या बागेपुरतं. एकच रोप लावायला जागा असेल तर डोळे मिटून पांढरं लावा. फळ चवीला सौम्य, थोडं पाणचट म्हणणारे पण आहेत, पण पावसात टिकतं आणि परागासाठी कोणावर अवलंबून नाही. दोन जागा असतील तर एक पांढरं एक लाल, आणि शक्यतो पाच-सात फुटांवर जवळजवळ, म्हणजे कोरड्या सकाळी माश्याच काम करतात. लालची गोडी आणि रंग खरंच वेगळा, आमच्याकडे पाहुण्यांना तेच कापतो. फांदीवरून ओळखायचं तर पांढऱ्याच्या फांदीच्या कडा जुन्या झाल्या की तपकिरी आणि कडक होतात, लालच्या फांदीवर बऱ्याचदा राख फासल्यासारखी पांढुरकी झाक असते. मिश्र जाती खूप आल्यात त्यामुळे नुसत्या फांदीवर पैसे देऊ नका. लालमध्ये पण स्वतःच्या परागावर धरणाऱ्या जाती आहेत, अमेरिकन ब्यूटी त्यातली, आणि फिजिकल ग्राफिटी नावाची गुलाबी गराची आहे तिला दुसरा पराग लागतोच. नर्सरीत "गोड आहे का" विचारण्यापेक्षा "स्वतःवर धरते का" हे विचारा आणि त्यांच्या आईझाडावर फळं लागलेली बघून घ्या. काटेरी पिवळं, सालीवर काटे आणि आत पांढरं, ते सगळ्यात गोड ह्यात वाद नाही, पण फळ तयार व्हायला लाल-पांढऱ्याला जिथे महिनाभर पुरतो तिथे ह्याला चार-सहा महिने, आणि आमच्याकडे कुंडीतलं पिवळं दोन पावसाळ्यात तीनदा सडलं. मी ते आता पत्र्याच्या शेडच्या कडेला नेलंय, पाऊस थेट अंगावर येत नाही अशा ठिकाणी, तिथे जरा सुधारतंय.

सडीचा विषय निघाला म्हणून थोडक्यात. फांदी पिवळी होऊन मऊ पडली, दाबल्यावर पाणी आलं तर वाट बघू नका, निरोगी हिरवा भाग लागेपर्यंत कापा, कोयती प्रत्येक वेळी पुसून घ्या, कापाला बोर्डो पेस्ट. आपण पोफळीला कोळेरोगासाठी पावसाच्या आधी बोर्डो मारतोच, १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, त्यातलंच थोडं राखून ह्या वेलींवर पण मारायचं, वेगळा खर्च नाही. मुळाशी माती दीड फूट उंच उचलून घ्या. खाली जांभ्याचा कातळ असेल तर खड्डा म्हणजे नुसतं टाकं, पाणी उतरतच नाही, तिथे चिऱ्यांचा चौकोन रचून वर माती भरून लावा. नारळाची सोडणं मुळाशी उन्हाळ्यात ठेवा, जूनला काढा. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बाजूच्या फांद्या उन्हाने पिवळ्या-पांढऱ्या पडतात ती सड नव्हे, त्याला हिरवी जाळी पुरते.

फळ धरल्यावर साधारण २५ दिवसांनी सालीचा रंग फिरायला लागतो, रंग पूर्ण आल्यावर अजून चार-पाच दिवस झाडावर राहू द्या, कारण तोडल्यावर हे फळ आंब्यासारखं अढीत पिकत नाही, जेवढं गोड तोडलं तेवढंच राहतं. पण जोराचा पाऊस लागून राहिला असेल तर जास्त थांबू नका, फळ तडकतं आणि तडकलं की मुंग्या. माकडांसाठी कापडी पिशवी घालतो, वानरं ती पण ओढतात, त्यामुळे रंग आल्यावर ह्यांची सकाळची चहाची खुर्ची विहिरीपाशीच असते.

ज्यांच्याकडे फक्त लाल आहे आणि जागा नाही, त्यांनी ह्या वर्षापुरतं ओळखीत कोणाकडे पांढरं आहे ते शोधा. वेळणेश्वरच्या माझ्या जावेकडे फक्त लाल आहे, तर पांढरं फुलणार असं दिसलं की तिला फोन करते, दुपारी कळ्यांचा फोटो मागवते, आणि तिच्या पण उमलणार असतील तर संध्याकाळी आमचा मुलगा गाडीवरून डबी पोचवतो. गणपतीत तिच्याकडे पहिल्यांदा चार फळं धरली, तीन तिने ठेवली आणि एक त्याच डबीसोबत परत आलं.